पहिला उकार

लहानपणी माझी एकदा सॉलिड फसवणूक झाली होती. वय वर्षं पाच, स्थळ उल्हासनगर, कॅम्प नंबर चार. मे महिन्याच्या सुट्टीत अम्माकडे राहायला गेले होते. (अम्मा म्हणजे बाबांची आई. आमच्याकडे लहानथोर सगळे तिला अम्माच म्हणतात.) तिनं आतून हाक मारली आणि ती जे काही बोलली त्यातला एकच शब्द मला कळला. खीर! मी धावले. डोळ्यांसमोर शेवया, काजू, बेदाणे, वेलचीचा वास, सगळा सेट तयार. आणि अम्मानं हातात काय दिलं? स्टीलचा ग्लास. आत बिनसाखरेचं कोमट दूध, वर साय.

मी असं भोकाड पसरलं की खालचा दुकानदार काय झालं विचारायला वर आला.

तर झालं असं होतं की, सिंधीत दुधाला ‘खीरु’ म्हणतात. शेवटी उकार आहे, पहिला. अगदी निसटता, ओठ गोल होतात न होतात तोच संपणारा. अम्मा तो म्हणत होती, मला तो ऐकूच येत नव्हता. पुढे वीस-बावीस वर्षं हा किस्सा आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक चेटीचंडला कुणी ना कुणी सांगायचंच. मीही हसायचे. गेल्या पावसाळ्यापर्यंत.

आधी थोडा फ्लॅशबॅक. आई डोंबिवलीची. एकदम पक्की. फडके रोडपासून चालत पाच मिनिटांवर माहेर, दिवाळीच्या पहाटे नटूनथटून तिथं जायचं म्हणजे जायचंच. बाबा उल्हासनगरचे सिंधी. दोघांची ओळख लोकलच्या कृपेनं झाली, ती स्टोरी पुन्हा कधीतरी. लग्नानंतर भांडण नको म्हणून दोघांनी मधलं स्टेशन पकडलं, कल्याण. मी शिकले मराठी शाळेत. घरी आईशी मराठी, बाबांशीही मराठी, चुलत भावंडांशी हिंदी, आणि अम्माशी सगळ्याची खिचडी. शाळेत हजेरी घेताना नवीन बाई माझ्या आडनावापाशी हमखास थबकायच्या. ‘अगं, तू सिंधी? अजिबात वाटत नाहीस हं!’ आणि मला ती कॉम्प्लिमेंट वाटायची. आता लिहितानाही कानशिलं गरम होतायत, पण वाटायची, हे खरं आहे.

अम्मा इकडे आली तेव्हा दहा वर्षांची होती. १९४७ सालचा शेवट. हैदराबादहून आली, म्हणजे सिंधमधलं हैदराबाद. (‘बिर्याणी?’ असं विचारू नका. अनेकांनी विचारून झालंय.) कराचीहून बोट, मुंबईचा धक्का, मग गाडीनं कल्याण. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या होत्या, युद्ध संपल्यावर बराकी रिकाम्या पडल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास एक लाख लोकांची सोय तिथं लावली. एकाच बराकीत मध्ये गोणपाटं टांगून कितीतरी बिऱ्हाडं. पलीकडच्या बिऱ्हाडातलं भांडण, खोकला, स्वयंपाक, सगळं शेअर्ड. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीचं उल्हासनगर झालं, शेजारच्या उल्हास नदीवरून. पण पंचाहत्तर वर्षं उलटून गेली तरी पत्ता सांगताना लोक कॅम्प एक, कॅम्प दोन असंच सांगतात. ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जोक तर तुम्हाला माहीत असणारच. कॉलेजात मी तो स्वतःच मारून टाकायचे. दुसऱ्या कुणी मारायच्या आत.

गेल्या जुलैत अम्मा बाथरूममध्ये पडली. वय ८७, डाव्या खुब्याचं हाड. ऑपरेशन नीट झालं. काकांच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, म्हणून अम्माला कल्याणला आमच्याकडे आणलं. आई-बाबा दोघं नोकरीवाले, धाकटा भाऊ पुण्यात. उरले मी. फ्रीलान्सर म्हणजे घरी बसलेली रिकामटेकडी, हा समज आपल्याकडे फार खोलवर रुजलाय, त्यामुळे चर्चा वगैरे झालीच नाही. मी लॅपटॉप उचलला आणि अम्माच्या खोलीत ऑफिस थाटलं.

अम्माचं हिंदी तसंही कामचलाऊ, भाजीवाल्यापुरतं. दुखायला लागल्यावर तेही गेलं. राहिली फक्त सिंधी, तीही एकेक शब्द. रोज सकाळी अकरा वाजता फिजिओ यायचा. डोंबिवलीचा, माझ्याच वयाचा मुलगा. तो विचारायचा, ‘अम्मा, क्या दुखता है?’ अम्मा म्हणायची, ‘पेर.’ मी दुभाषी. ‘पाय म्हणतेय,’ मी ऐटीत सांगायचे. एवढं सिंधी येतं की मला! तो ऑपरेशनच्या पायाला हात लावून विचारायचा, ‘ये वाला?’ अम्मा मान हलवायची. ‘हा.’ आणि मग पुन्हा, जरा जोरात, ‘पेर!’

डावा पाय उचलून झाला, वाकवून झाला. वॉकर समोर ठेवला की मात्र अम्मा ढिम्म. उभी राहायला तयारच नाही. पहिले तीन-चार दिवस आम्ही समजावलं, नंतर रागावलो. आई म्हणाली घाबरलीय. काका फोनवरून म्हणाले, लाड पुरे. आणि मी, घरातली कम्युनिकेशनची डिग्रीवाली, मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, ‘अम्मा इज बीइंग स्टबर्न.’ वर एक स्मायली.

असे अकरा दिवस गेले. फिजिओ एरवी रविवारी यायचा नाही, पण मध्ये एक खाडा झाला होता तो भरून काढायला त्या रविवारी आला. बाबा पहिल्यांदाच त्या वेळी घरी होते. नेहमीचा प्रश्न झाला. अम्मा म्हणाली, ‘पेर.’ मी म्हटलं, ‘पाय.’ चहाचा कप घेऊन दारात उभे असलेले बाबा म्हणाले, ‘दोन्ही पाय म्हणतेय ती.’

‘दोन्ही कुठे म्हणाली?’

‘पेर म्हणाली ना. एक असता तर पेरु म्हणाली असती.’

‘बाबा, मला दोन्ही सेमच ऐकू येतंय.’

‘ओठ बघ तिचे. गोल झाले का? नाही झाले.’

फिजिओनं अम्माला डोळे मिटायला लावले आणि उजव्या पायाच्या तळव्यावरून कापूस फिरवला. चांगला पाय. अम्माला पत्ता नाही. डाव्यावर फिरवला. तिथेही नाही. मग डॉक्टरांना फोन, तपासण्या, आणि निदान झालं की वर्षानुवर्षांच्या मधुमेहानं दोन्ही पायांच्या नसा कमजोर झाल्यात, तळव्यांना मुंग्या येतात आणि स्पर्श धड कळत नाही. म्हणजे आम्ही ‘उभी राहा, उभी राहा’ म्हणून मागे लागलो होतो आणि तिला पायाखाली लादी आहे की नाही हेच समजत नव्हतं. कोण उभं राहील? ती अकरा दिवस हेच सांगत होती. मी अकरा दिवस तिचं भाषांतर करत होते. आणि वैताग म्हणजे भाषांतर चुकलंही नव्हतं, कारण मराठीत एकालाही पाय म्हणतात आणि दोघांनाही पायच.

त्या रात्री मी ग्रुपवरचा मेसेज डिलीट करायला गेले. ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ची मुदत केव्हाच संपली होती.

अपराधी वाटायला लागलं की मी रिसर्च करते. (प्रोफेशनल हॅझर्ड.) तर हा उकार काय फंडा आहे? सिंधीत शब्द संपतो तो स्वरावर. १८७२ साली एर्न्स्ट ट्रुम्प नावाच्या जर्मन पंडितानं सिंधीचं जाडजूड व्याकरण लिहिलं, त्यात त्यानंही हे आवर्जून नोंदवलंय. बाहेरून आलेल्या शब्दालाही सिंधी शेवटी स्वर चिकटवते, किताबचं किताबु करते. बहुतेक पुल्लिंगी शब्दांचं गणित असं की वस्तू एक असली की शेवटी उ, अनेक असल्या की अ. हथु म्हणजे एक हात, हथ म्हणजे हात, दोन किंवा जास्त. कनु आणि कन. ॾंदु आणि ॾंद, म्हणजे दात. (त्या ड खालची रेघ ही प्रिंटिंग मिस्टेक नाही. तो उच्चार हवा आत ओढून करतात. मला तो आजतागायत जमलेला नाही, पण एका वेळी एकच दुःख.) आणि शेवटचा अ म्हणजे आपला लिहायचा पण बोलायचा नाही असला अ नव्हे. तो बोलतात. ‘पेर’ म्हणताना र वर तोंड मिटत नाही, जरा उघडंच राहतं.

आता आपल्याकडे बघा. एक हात, दोन हात. एक कान, दोन कान. एक दात, बत्तीस दात. ओठ, केस, पाय, सगळ्यांची तीच तऱ्हा. नुसत्या शब्दावरून एक की अनेक हे कळत नाही, ‘दुखतो’ की ‘दुखतात’ ऐकल्यावर कळतं. आणि तुमचा पेशंट क्रियापद वापरण्याच्या मनःस्थितीत नसेल तर नाहीच कळत. पण हे पहिल्यापासून असं नव्हतं. ज्ञानेश्वरी १२९० सालची. त्या मराठीत ‘देवु’, ‘अर्थु’, ‘गणेशु’ अशी रूपं सर्रास सापडतात. एक असला की देवु, अनेक असले की देव. अकरावीच्या पुस्तकात असले शब्द वाचून आम्ही फिदीफिदी हसायचो, आमच्या बेंचवर तर एकमेकांना ‘राहुलु’, ‘सचिनु’ म्हणायची साथच आली होती. मला तेव्हा कुणी सांगितलं असतं की तुझी आजी रोज असंच बोलते, तर? बहुतेक मी विषय बदलला असता.

तर पुढच्या काही शतकांत मराठीनं ते शेवटचे स्वर गिळून टाकले. सिंधीनं सांभाळले. म्हणून मराठी कानाला शब्दाच्या शेवटी छोटा स्वर ऐकायची सवयच नाही. शाळेत शिकवतात ना, शेवटचा इकार-उकार दुसरा? कवी, गुरू. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांत हे आहे, आणि ‘परंतु’सारखे मोजके अपवाद सोडले तर आपण ते इमानेइतबारे पाळतो. बोलताना तर ‘परंतु’लाही सोडत नाही, त्याचंही ‘परंतू’ करतो. थोडक्यात, शेवटी छोटा स्वर आला की मराठी कान एक तर तो खातो, नाही तर ताणतो. पाच वर्षांची असताना मी खाल्ला. अठ्ठावीसाव्या वर्षी, प्रायश्चित्त म्हणून, ताणला.

म्हणजे असं. सोमवारी सकाळी मी अम्मासमोर बसले, ओठांचा चंबू केला, तिच्या एका पायाला हात लावला आणि पूर्ण आत्मविश्वासानं विचारलं, ‘अम्मा, पेरू?’

अम्मानं माझ्याकडे बघितलं. मग टेबलाकडे बघितलं. मग खिडकीत. कल्याण-उल्हासनगरच्या बाजारात तिची हयात गेली, मराठी फळवाले काय ओरडतात ते तिला पक्कं माहीत. ‘पेरू? किथे आहे?’ (कुठे आहे? सिंधीतही ‘आहे’ म्हणजे ‘आहे’च, हे एक बरं आहे.) आणि मग तिची ट्यूब पेटली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसली, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. संध्याकाळी बाबांना स्टेशनवरून खरंच पेरू आणायला लागले. तिखट-मीठ लावून अर्धा खाल्ला तिनं.

त्यानंतर मी तिचं बोलणं रेकॉर्ड करायला लागले. फोन उशाशी ठेवायचा आणि बोलतं करायचं. ‘प्रात’ नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅमच्या दोघा संशोधकांनी केलेलं आणि चक्क फुकट, त्यात आवाज टाकला की त्याचं चित्र दिसतं. अम्माच्या ‘पेरु’ला र नंतर एक छोटंसं शेपूट दिसतं, सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही लहान. काकांच्या ‘पेरु’ला शेपूट कधी असतं, कधी गायब. माझा चुलतभाऊ कॅम्प चारमध्येच जन्मला, तिथेच वाढला, तिथेच त्याचं मोबाइलचं दुकान आहे, अम्माशी तो सिंधीतच बोलतो. त्याचा ‘पेर’ र वर खाडकन संपतो. एक सांगायचा असला तर तो पुढे एक लावतो, दोन असले तर दोन. काम भागतं. मी त्याला विचारलं तर म्हणाला, ‘यार, सब समझ जाते हैं ना?’ जातात. मराठीला ज्या कामाला काही शतकं लागली ते आमच्या घरानं तीन पिढ्यांत उरकलं आणि कुणाचंच काही अडलं नाही. अकरा दिवस सोडले तर.

बाबांचं मात्र लफडं निघालं. त्यांना मी शब्दांची यादी दिली आणि वाचून घेतली. हथ, कन, पेर, खीर. सगळे चकाचक, शेवट कापलेले, डोंबिवलीच्या कुठल्याही काकांनी वाचावेत तसे. मग एका रात्री माझा फोन अम्माच्या उशाशी चालूच राहिला आणि त्यात बाबा सापडले. अम्माला झोप येत नव्हती, ते तिच्या पायांना तेल चोळत गप्पा मारत होते. कुणाच्या घराचं काय झालं, कोण गेलं, दुधाचा भाव. आणि प्रत्येक शब्दाला शेपूट. एकूण एक! खीरु, हथु, किताबु. माणूस तोच, आवाज तोच.

मी त्यांना दोन्ही क्लिप ऐकवल्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘कापली होती मी ती. मुद्दाम.’

त्यांची पहिली नोकरी ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये. कंपनीचं नाव राहू दे. मराठी कामापुरतं यायचं, पण मराठीतही ते ‘कामु’, ‘हातु’ असं काहीतरी बोलायचे. हिंदी सिनेमातला सिंधी शेठ तेव्हा सगळ्यांच्या तोंडपाठ. रोज सकाळी डबा उघडायच्या आत कुणीतरी म्हणायचं, ‘काय वडी साईं, पापड आणला का?’ चेष्टाच, तशी प्रेमळ वगैरे. पण रोज. बाबांच्या लक्षात आलं की आपल्याला पकडून देतो तो शब्दाचा शेवट. मग ठाणे ते कल्याण उभ्यानं प्रवास करताना ते मनातल्या मनात शब्द म्हणायचे आणि शेवटी ओठ गच्च मिटून घ्यायचे. सहा महिन्यांत काम फत्ते. इतकं की नंतर सिंधी बोलतानाही, चार लोकांत असले की, शेपटं आपोआप जायला लागली.

‘आणि अम्माशी बोलताना?’

‘तिच्याशी बोलताना लक्ष कोण देतं?’ बाबा म्हणाले. आणि उठून गेले.

बाबांना ते काय करत होते याचं शास्त्रीय नाव ठाऊक नव्हतं, पण त्यावर काम झालेलं आहे. विल्यम लाबोव्ह नावाचा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ मार्थाज व्हिन्यर्ड नावाच्या बेटावर जाऊन लोकांचे स्वर मोजत बसला. त्याला दिसलं की ज्यांना बेटावरच राहायचंय, ज्यांना बेटाचा अभिमान आहे, त्यांच्या तोंडी काही स्वर जुन्या वळणाचे आहेत, आणि ज्यांना बेट सोडून जायचंय त्यांचे स्वर बाहेरच्या जगासारखे झालेत. हा अभ्यास छापून आला १९६३ साली. आणि गंमत बघा, त्याच १९६३ साली लछमन खूबचंदानी या सिंधी भाषाशास्त्रज्ञांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएचडी केली. विषय? भारतात आलेल्या सिंधीवर चढत जाणारा हिंदीचा रंग. फाळणीला तेव्हा उणीपुरी सोळा वर्षं झाली होती. बाबांचा जन्मही झाला नव्हता. म्हणजे आमच्या घरात काय होणार आहे याची चाहूल लायब्ररीत आधीच लागली होती, घरात मात्र कुणाला खबर नाही.

मग मी ठाण्याला आत्याला फोन लावला. आत्या कोपरी कॉलनीत राहते, ठाणे पूर्वेला, तीही सिंधी निर्वासितांचीच जुनी वस्ती. मला वाटलं होतं तिथं सगळं शाबूत असेल. आत्या स्वतः अम्मासारखीच बोलते, अगदी शेपटांसकट. पण तिची मुलं? ती म्हणाली, ‘मी त्यांच्याशी हिंदीतच बोलले गं. शाळेत त्रास नको म्हणून. तेव्हा सगळ्याच बायका तसंच करत होत्या.’ मग जरा थांबून, ‘तुझ्याकडे आईचं रेकॉर्डिंग आहे ते मला पाठवशील?’

पाठवलं. सदतीस क्लिप्स, एकामागून एक.

लिहून ठेवलंय का कुठे, असंही तुम्ही विचाराल. अम्माच्या वह्या आहेत की. हिशेब, भजनं, दोन-चार पत्रं, सगळं सुरेख अक्षरात. पण ती लिहिते अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. १८५३ साली इंग्रजांच्या काळात ठरलेली, बावन्न अक्षरांची. आणि त्या लिपीत रोजच्या लिखाणात छोटे स्वर लिहीतच नाहीत, वाचणाऱ्यानं ते आपल्या मनानं भरायचे. पेरु लिहा किंवा पेर लिहा, कागदावर दोन्ही एकसारखेच. देवनागरीत लिहिली तर उकार दिसतो, पण सिंधी देवनागरीत लिहायची की अरबीत यावर भारतात इतकी वर्षं वाद चालले की तेवढ्यात एक पिढी इंग्रजीत शिकून बाहेर पडली. असो.

१० एप्रिल १९६७ ला सिंधी घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, अम्माला तो दिवस चांगला आठवतो, कॅम्पात मिठाई वाटली होती म्हणे. २०११ च्या जनगणनेत देशात २७ लाख ७२ हजार लोकांनी मातृभाषा सिंधी सांगितली, त्यात कच्छीही धरलेली आहे. त्या २७ लाखांत बाबा आहेत. मी नाही. घरी माणूस आला होता तेव्हा बाबांनीच दार उघडलं. माझ्या नावापुढे त्यांनी मराठी सांगितली. मी तिथेच होते, चौदा वर्षांची, आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. अजूनही तसं चूक म्हणता येणार नाही. मी स्वप्नं मराठीत बघते, शिव्या मराठीत देते, हा लेख मराठीत लिहितेय.

तिकडे फिजिओला मी हे सगळं रामायण ऐकवलं. मला वाटलं, बोअर होईल. तो म्हणाला, ‘यात एवढं काय? आमची आजी उडुपीकडची, कोंकणी बोलते. ती अजून देवु, हातु, दांतुच म्हणते.’ आणि अम्माकडे वळून, एकदम परफेक्ट पहिल्या उकारात, त्यानं विचारलं, ‘अम्मा, पेरु?’ अम्मानं नकारार्थी बोट हलवलं. ‘पेर,’ ती म्हणाली. त्यानं दोन बोटं वर केली. अम्मानं मान डोलावली. तीन सेकंदांत झालं. माझा जो काही जळफळाट झाला तो सांगण्यासारखा नाही.

आता अम्मा चालते. मऊ तळव्याच्या खास चपला मिळाल्यात, पाय टाकण्याआधी खाली बघायची सवय लावलीय, औषधं बदललीत. गणपतीत हॉलपर्यंत आली, दसऱ्यापर्यंत वॉकर सोडून काठीवर. काकांकडे परत जायचं म्हणते, कॅम्पात. तिथं तिच्याशी बोलायला तिच्या वयाच्या अजून दोघी आहेत.

परवा दुपारी ती खुर्चीत बसली होती, मी डेडलाइनच्या टेन्शनमध्ये कीबोर्ड बडवत होते. तिनं हाक मारली. ‘हथ’ म्हणाली की ‘हथु’ म्हणाली? मला वाटलं हथ. मी लॅपटॉप बाजूला ठेवला, तिच्यासमोर जाऊन दोन्ही हात पुढे केले, तिला आधार देऊन उठवायला.

‘हथु,’ अम्मा म्हणाली, ओठांचा मोठ्ठा चंबू करून, बालवाडीतल्या बाईंसारखी.

मी एक हात मागे घेतला. तिनं दुसरा धरला आणि उठली.